पगार कौशल्याचा की पत्त्याचा?

२०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. इथले दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचे, असं ठरलं. तेव्हापासून आमच्या सकाळच्या टेकडीवरच्या मंडळींत एक वाद अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन विझतो. एक बाजू म्हणते, तिकडचा कामगार कामाला पक्का असतो म्हणून त्याला पैसे मिळतात, आपल्याकडे नुसत्या पाट्या टाकतात. दुसरी म्हणते, तिकडे माणसाची किंमत आहे, इकडे नुसती पिळवणूक. मग कुणीतरी नारायण मूर्तींचे आठवड्याचे सत्तर तास काढतं, कुणीतरी चहा मागवतं आणि विषय संपतो. दोन्ही वाक्यं ऐकायला बरी आहेत. पण दोन्हींत एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली असते, ती ही की पगार म्हणजे माणसाच्या कामाला मिळालेले गुण. एक बाजू म्हणते गुण बरोबर दिलेत, दुसरी म्हणते परीक्षक लबाड आहे. मुळात ही परीक्षाच नाही, असं माझं म्हणणं आहे.

एका गावात, एका धंद्यात, दोघांपैकी कुणाला चार पैसे जास्त मिळतील हे बरंचसं कौशल्यावर ठरतं, ते मी नाकारत नाही. पण दोन देशांत, दोन गावांत, किंवा एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना असलेल्या दोन फाटकांत जे अंतर पडतं, त्याचा हाताच्या कसबाशी संबंध फार थोडा असतो. हाताखाली कोणतं यंत्र आहे, गिऱ्हाईक कोणत्या चलनात पैसे देतं, आजूबाजूचे धंदे किती कमावतात, कामगाराला 'नाही' म्हणायची किती सोय आहे, यावर ते अंतर पडतं. रांगेत आपला नंबर कितवा हे कौशल्य ठरवेल. पण आपण कोणत्या खिडकीपुढच्या रांगेत उभे आहोत, हे बहुतेक वेळा आपण जन्मलो कुठं त्यावर ठरून गेलेलं असतं.

हे मी बाहेरून बघून सांगत नाही. सोळा वर्षं मी भोसरी एमआयडीसीत एक छोटी शेड चालवली. दोन लेथ, एक मिलिंग, नंतर कर्ज काढून घेतलेलं एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग यंत्र, आणि सहा-सात माणसं. आमच्याकडचे टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते जुन्या, बेड झिजलेल्या लेथवर एक-दोन शतांश मिलिमीटरचं माप धरायचे. लेथ कुठं किती झिजलाय हे त्यांच्या मनगटाला पाठ होतं. बोअर घेताना, म्हणजे पार्टला आतून भोक कापताना, शेवटच्या कटला ते मान तिरकी करून आवाज ऐकायचे आणि हत्याराचं कापणारं टोक झिजलं की आवाजावरूनच सांगायचे, "शेठ, इन्सर्ट गेला." आता त्यांचा पगार मी कसा ठरवत होतो, ते प्रामाणिकपणे सांगतो. मायक्रोमीटर लावून नाही. दर दिवाळीच्या आधी शेजारच्या शेडवाल्याला विचारायचो, "यंदा तू टर्नरला काय देतोयस?" तो जे सांगेल त्यात पाचशे इकडं-तिकडं. त्यानंही दुसऱ्या बाजूच्या शेडवाल्याला तेच विचारलेलं असायचं. त्याच वेळी मामांचा पुतण्या एका मोठ्या कंपनीत कायम झाला. लाइनवर येणाऱ्या गाडीला ठरलेले सहा बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळायचे, हे त्याचं काम. पगार मामांच्या जवळजवळ तिप्पट, वर बस, कँटीन, मेडिकल. पुतण्या कष्टाळू होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिप्पट कौशल्य? मामांना विचारलं तर ते नुसते हसायचे.

या अंतराचं कारण बघा. पुतण्याच्या पाठीशी कोट्यवधींची लाइन होती, बाजारात नाव असलेली गाडी होती आणि एक युनियन होती. मामांच्या पाठीशी मी होतो.

आता हाच हिशेब देशाच्या पातळीवर लावू, आणि त्यासाठी मुद्दाम असं काम घेऊ ज्यात यंत्राचा प्रश्नच येत नाही. केस कापणं. आमच्या गल्लीतल्या सलूनमधला कारागीर भोर तालुक्यातला. गावात वडिलांच्या हाताखाली शिकला. तिथं कटिंगचे जेवढे मिळायचे त्याच्या दुपटीहून जास्त कोथरूडमध्ये मिळतात, त्यातले निम्मे मालकाला देऊनही परवडतं. बाडेन-वुर्टेमबर्गच्या राजधानीत, स्टुटगार्टमध्ये, साध्या कटिंगला पंचवीस-तीस युरो सहज पडतात, म्हणजे अडीच-तीन हजार रुपये. डोकं तेवढंच, केस तेवढेच, वेळही वीस-पंचवीस मिनिटं. शंभर वर्षांपूर्वीचा स्टुटगार्टचा न्हावीही फार हळू कापत नसेल. मग त्याच्या नातवाला इतके जास्त का मिळतात? विल्यम बॉमोल या अर्थतज्ज्ञानं १९६०च्या दशकात याचं उत्तर दिलं. त्याचा सारांश असा: कारखान्यात दर माणशी उत्पादन वाढतं, तिथले पगार वाढतात, आणि न्हाव्याला खुर्चीमागे टिकवायचं तर त्यालाही वाढवून द्यावं लागतं, नाहीतर तो कात्री ठेवून कारखान्यात जाईल. म्हणजे स्टुटगार्टच्या न्हाव्याच्या पगारात तिथल्या मोटार कारखान्यांचा वाटा आहे. भोरच्या न्हाव्याच्या कमाईत भोरच्या भातशेतीचा. कात्रीचा वाटा दोघांचा सारखाच.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. बलुतेदारीत वेगळं काय होतं? सुतार-लोहार थोरल्या ओळीत, न्हावी-परीट मधल्या ओळीत, आणि ज्याची जी ओळ तेवढ्या पेंढ्या. उत्तम न्हाव्याला थोरल्या ओळीचं बलुतं मिळाल्याचं कुणी ऐकलंय का? आणि गावचं पीक बुडालं की सगळ्याच ओळींचं बलुतं बुडायचं, मग हात कितीही सफाईदार असो. ओळ जन्मानं ठरलेली आणि रास पावसानं. आज ओळीच्या जागी पासपोर्ट आला आहे.

यावर टेकडीवरचे आमचे निवृत्त बँकवाले मित्र दोन आक्षेप घेतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला, युरोचे रुपये करून बोलू नका, तिकडे घरभाडंही तसंच असतं. दुसरा, जे बाहेर जातात ते मुळात हुशार आणि धडाडीचे असतात, त्यांची तुलना मागं राहिलेल्यांशी कशी करता? दोन्ही खरं आहे. म्हणूनच २००८ साली क्लेमेन्स, माँटेनेग्रो आणि प्रिचेट या तिघांनी केलेला हिशेब मला महत्त्वाचा वाटतो. त्यांनी अमेरिकेतले आणि चाळीसहून अधिक देशांतले कामगार घेतले. वय तेच, जन्मदेश तोच, शिक्षण त्याच देशात आणि तेवढीच वर्षं. महागाईतला फरक काढून टाकला, 'हुशारच बाहेर जातात' याचाही फरक जमेल तितका वजा केला. इतकं सगळं सोलून झाल्यावर बोलिव्हियाच्या कामगाराला नुसतं अमेरिकेत उभं राहून काम केल्याचे २.७ पट मिळतात, असं निघालं. बोलिव्हिया म्हणजे यादीतला मधला देश. काहींचा आकडा याच्या कितीतरी वर आहे. विमानात बसल्यावर चौदा तासांत कुणाचं कौशल्य पावणेतीन पट होतं?

पुण्यातल्या मध्यमवर्गाला हे समजावून सांगावं लागू नये खरं तर. 'ऑनसाइट' हा शब्द घराघरात पोचलाय. हिंजवडीतला मुलगा जो कोड लिहितो तोच तिकडे जाऊन लिहितो, टीम तीच, क्लायंट तोच, आणि पगार कित्येक पट. तो परत आला की पगारही परत येतो. यात कौशल्य कधी वाढलं आणि कधी उतरलं? उलटंही पाहा. मोठ्या आयटी कंपन्यांत नवशिक्या इंजिनिअरला मिळणारा पगार वर्षाला तीन-साडेतीन लाखांच्या आसपास दशकभराहून अधिक काळ घुटमळतो आहे. या काळात त्या मुलाकडून अपेक्षित असलेलं ज्ञान कमी झालं की वाढलं? वाढलंच. पण त्याच्यामागे उभी असलेली इंजिनिअरांची रांग त्याहून वाढली. आपला पगार ही आपल्या गुणवत्तेची पावती आहे असं मानणारा सगळ्यात मोठा वर्ग नेमका याच शहरात राहतो, ही गंमत आहे.

आणि परदेशच कशाला हवा? मनरेगाची रोजची मजुरी २०२४-२५ साली महाराष्ट्रात २९७ रुपये होती आणि हरियाणात ३७४. कुदळ तीच, खड्डा तोच, कायदाही एकच. आपल्याच राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचना काढून बघा. 'कुशल' या एकाच शब्दापुढे परिमंडळाप्रमाणे वेगवेगळे दर असतात. म्हणजे पत्त्यावरून पगार बदलतो हे सरकारनं केव्हाच लिहून ठेवलंय. आपणच तेवढं कौशल्य कौशल्य करतोय.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात पक्का पुरावा. तो टेकडीवर कुणी देत नाही, म्हणून मीच देतो. ग्रेगरी क्लार्क या आर्थिक इतिहासकारानं १९८७ साली कापडगिरण्यांची तुलना प्रसिद्ध केली. १९१०च्या सुमाराला मुंबईच्या गिरण्यांत इंग्लंडहून आणलेलीच यंत्रं होती. म्हणजे 'आमच्याकडे यंत्र नव्हतं' ही सबब इथं चालत नाही. तरीही अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातला एक गिरणीकामगार जेवढी यंत्रं सांभाळायचा तेवढ्याला इकडे जवळजवळ सहा माणसं लागायची. हिंदुस्थानीच नव्हे, ग्रीक, चिनी, जपानीही. यंत्र एक, माणसं सहा, तर मग कामगारातच फरक नाही का?

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस अस्वस्थ होतो, कारण माझा सगळा युक्तिवाद तो खाऊन टाकतो असं वाटलं. पण न्यू इंग्लंडच्या त्या गिरण्यांत होतं कोण? लॉरेन्स, लॉवेल या गिरणगावांत त्या काळी ढीगभर स्थलांतरित होते: इटालियन, पोलिश, पोर्तुगीज, आणि ग्रीकसुद्धा. ज्या ग्रीकाला ग्रीसमध्ये सहाव्या हिश्शाचा कामगार म्हटलं जात होतं, त्याचाच भाऊ समुद्र ओलांडून गेल्यावर तिथल्या रीतीनं यंत्रं सांभाळत होता. आणि मुंबईत एका माणसामागे किती यंत्रं हे बोटांच्या चपळाईवर ठरत होतं असं मानायचं, तर १९२८चा संप कशासाठी झाला? विणकराकडे दोन साच्यांऐवजी, म्हणजे मागांऐवजी, तीन साचे द्यायचे, हा मालकांचा डाव त्या संपातल्या मोठ्या कळीच्या मुद्द्यांपैकी होता. कामगारांचं म्हणणं 'आम्हाला जमत नाही' असं नव्हतं. तीन साचे घेतले तर पगार तेवढ्या पटीत वाढत नाही आणि तिसऱ्या गड्याची नोकरी जाते, असं होतं. मजुरी स्वस्त असली की मालकालाही माणसं जास्त लावायला काही वाटत नाही. मग ते काम 'कमी उत्पादक' ठरतं, आणि कमी उत्पादक म्हणून मजुरी स्वस्त राहते.

उत्पादकता हा शब्द आपण फार सहज माणसाच्या अंगाला चिकटवतो. २००५-०६च्या लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या शेडमधले पार्ट निम्म्यावर आले. गुरुवार तर हक्काचा बिनविजेचा. वीज गेली की मामा लेथवर फडकं टाकून बाहेरच्या लिंबाखाली बसायचे. त्या महिन्यांत त्यांची दर माणशी उत्पादकता काढली असती तर अर्ध्यावर आली असती. वीज गेल्याबरोबर त्यांचं कौशल्यही जात होतं काय? जर्मन टर्नरला वीज असते, ड्रॉइंग स्वच्छ असतं, माल वेळेवर येतो, टूल जागेवर असतं. त्याच्या मालकाला बिलाचे पैसे वेळेवर मिळतात. मला, छोट्या पुरवठादाराचं बिल पंचेचाळीस दिवसांत चुकवायचा कायदा २००६ पासून असूनही, नव्वद दिवसांनी मिळाले तर मी पेढे वाटायचो. या सगळ्याला मिळून तिकडे 'कुशल कामगार' म्हणतात. तिकडची तीन-साडेतीन वर्षांची उमेदवारी खरोखर चांगली आहे आणि आपल्या आयटीआयमधली कित्येक यंत्रं मुलांच्या वयापेक्षा जुनी आहेत, हेही खरं. त्यानं फरक पडतो. पण दहा पट पगाराचं ओझं त्या एका फरकावर टाकता येत नाही.

कौशल्य जागच्या जागी राहून मजुरी वर-खाली झाल्याचे दाखले आपल्या घरातच आहेत. १८९६-९७चा प्लेग म्हटला की पुणेकराला रँड आठवतो. त्याच प्लेगात मुंबईतून माणसं गावाकडे पळाली तेव्हा गिरणीमालकांवर कामगार टिकवण्यासाठी रोजच्या रोज मजुरी देण्याची वेळ आली. उरलेले कामगार रातोरात कुशल झाले नव्हते, कमी झाले होते. याच्या बरोबर उलट १९८२ साली झालं. अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले, गिरण्या पुन्हा कधी धड उभ्या राहिल्या नाहीत. तुटलेला धागा क्षणात सांधणारी बोटं पुढे इमारतींच्या गेटवर वॉचमनच्या वहीत गाड्यांचे नंबर लिहीत बसली. त्या बोटांतलं कसब गेलं नव्हतं. त्याचं गिऱ्हाईक गेलं होतं.

आणि हमाल? पाठीवर पोतं घ्यायला कौशल्य लागत नाही असं ज्याला वाटतं त्यानं शंभर किलोचं पोतं घेऊन ट्रकच्या फळीवरून एकदा उतरून दाखवावं. पण ते असो. सरकारी भाषेत ते 'अकुशल'. नाना-भवानी पेठेतल्या भुसार बाजारात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, १९६९ साली माथाडी कायदा आला. नोंदणी झाली, मंडळं झाली, मजुरीवर लेव्ही बसली, त्यातून फंड, बोनस, रजा मिळू लागली. बाजार पुढे मार्केट यार्डात गेला तरी ते टिकलं. पाठ तीच होती, पोतंही तेच होतं. बदललं एवढंच, की व्यापाऱ्याला एकेकट्या हमालाशी घासाघीस करता येईना.

मग काय, पगार म्हणजे नुसती ताकद? उद्या युनियन करा आणि जर्मन पगार मागा? नाही. इथं मी डावीकडच्या मित्रांपासून वेगळा होतो, कारण मी शेडची वही लिहिलेली आहे. मामांना स्टुटगार्टचा पगार द्यायचा म्हटला असता तर तिसऱ्या महिन्यात शेडला कुलूप लागलं असतं. समाज एकूण जेवढं पिकवतो त्याच्या वर मजुरी जाऊ शकत नाही, ते छत खरं आहे. पण त्या छताखाली मामा कुठं उभे होते? छताला डोकं टेकलेलं होतं की जमिनीवर बसलेले होते? ज्या कंपनीला माझे पार्ट जात होते तिथं त्यावर बोल्ट आवळणाऱ्याला तिप्पट देणं परवडत होतं. म्हणजे पैसा त्याच साखळीत होता. तो माझ्या दारापर्यंत येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर जेवढा आला तेवढाही मी पुढे सरकवला नाही, कारण शेजारचा देत नव्हता. त्या फाटकाच्या आत तरी काय होतं? कायम कामगार आणि ठेकेदाराचा पोरगा एकाच लाइनवर, एकाच शिफ्टला, युनिफॉर्मचा रंग वेगळा म्हणून तेवढे ओळखू यायचे. एकाच कामाला एकच वेतन असा नियम कंत्राटी कामगार कायद्याखाली १९७०च्या दशकापासून होता. त्याला बगल देण्यासाठी कामाचं नाव बदलायचे. बोल्ट तेच राहायचे.

म्हणूनच 'कौशल्य वाढवा, पगार वाढेल' हा सल्ला मला अर्धवट वाटतो. एकट्या मुलाला तो जरूर द्यावा. शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाई साधारण आठ-दहा टक्के वाढते, असं जगभरातले अभ्यास सांगतात, आणि माझ्या मुलालाही मी तेच सांगितलं. पण तोच सल्ला पाच लाख मुलांना एकदम दिला तर काय होतं, ते आयटीतल्या नवशिक्यांच्या पगारानं दाखवलंय. आशा सेविकेला तर कौशल्य वाढवायला सांगून वर्षानुवर्षं नवनवी प्रशिक्षणं दिली, आणि जे देतो त्याला पगार म्हणावं लागू नये म्हणून 'मानधन' हा गोड शब्द ठेवला. मान किती आणि धन किती ते त्यांनाच विचारा.

२०१६ साली मी शेड बंद केली. लेथ घ्यायला चिंचवडचा एक दलाल आला. त्यानं दोन तास घालवले. बेडवर डायल, म्हणजे झीज मोजायचं घड्याळ, फिरवला, कुठं किती झीज आहे ते खडूनं लिहिलं, स्पिंडल फिरवून तो किती डगमगतो ते बघितलं, चकची पकड तपासली, आणि मग एकेक शतांशाचे पैसे कापत किंमत सांगितली. मामा बाजूला उभे राहून बघत होते. एकदा त्यांनी त्याला सांगितलंही की अमुक जागी डायल फसवतो, तिथं झीज दिसते त्याहून जास्त आहे. मला त्यात हजारभर रुपयांचा फटका बसला.

पुढच्या आठवड्यात मामांना दोन गल्ल्या सोडून एका शेडमध्ये काम लागलं. रुजू करून घेण्याआधी त्या शेडवाल्यानं मला फोन केला. "माणूस कसा आहे ते राहू द्या," तो म्हणाला, "तुम्ही काय देत होता तेवढं सांगा."